मागच्या चाकापाशी

टॉवेलच्या कारखान्याचा टेम्पो बंद झाला. सोमवारपासून ज्याचं त्यानं यायचं. शिवलीला तिथं टॉवेलच्या कडा शिवायची. सोलापुरातल्या घरापासून सहा किलोमीटर, सगळा अक्कलकोट रस्ता. सायकल घ्यावी म्हटलं, तर उसाचे दिवस. रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, हलत, डुलत, रस्ता पोटात घेत चाललेले.

तिचा धाकटा भाऊ नंदीश त्यातलाच एक ट्रॅक्टर चालवायचा. आणि सगळ्यांत जास्त तोच भ्यालेला होता.

"ब्याड अक्का," तीन दिवस त्याचं एकच. नको म्हणजे नको. "घरी बसून कडक भाकऱ्या कर की."

"आन त्या कोण खाणार? तू, तुज्या किडक्या दातांनी?"

शनिवारी दुपारी ती अनिलकुमारच्या सायकलच्या दुकानात उभी होती, तेवढ्यात रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत नंदीश समोर येऊन थांबला.

तीन सायकली बाहेर काढलेल्या. निळी, गिअरची, उचलली तर पिसासारखी. लाल, पुढं टोपलीवाली. आणि काळी, जड, जुन्या वळणाची.

"ताई, लालच न्या," अनिलकुमार म्हणाला. "डबा बसतोय, साडी अडकत न्हाय. लई खपतीया."

"थांब," नंदीश सीटवरूनच बोलला. "आदी मला दिसतीया का बगू."

शिवलीलेनं लाल सायकल धरली आणि ट्रॅक्टरच्या पुढं गेली. दिसली. इंजिनाच्या बाजूला आली. दिसली. पहिल्या ट्रॉलीपाशी आली, तर आरशात नुसता टोपलीचा कोपरा.

"अजून मागं हो."

ती दुसऱ्या ट्रॉलीच्या मागच्या चाकापाशी थांबली. चाक तिच्या कमरेच्या वर. रबराचा तापलेला वास.

"आता?" तिनं हाक मारली.

वरून आरसा फिरवल्याची करकर आली.

"नंद्या, आता दिसतीया का?"

"कुटं हायस अक्का?"

मग निळी आणली. मग काळी. अनिलकुमारनं हँडलला पिवळं फडकं बांधलं. दर वेळी वरून तेच, "कुटं हायस?"

नंदीश खाली उतरला. कपाळावर घाम.

"गेल्या साली एकाची सायकल चाकाखाली गेली," तो हळूच म्हणाला. "मानूस उडी मारून वाचला. चहावाला वरडला म्हणून थांबलो मी. मला धक्का बी कळला न्हाय, अक्का. धक्का बी न्हाय."

हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

शिवलीलेनं पदर खोचला आणि ती ट्रॅक्टरवर चढली.

"अनिलकुमार, तुमी जावा मागं. तितंच, चाकापाशी."

"माज्या बायकोला सांगून तरी येऊ का?" म्हणत तो काळी सायकल घेऊन मागं गेला.

तिनं आरशात पाहिलं. रस्ता मोकळा. ऊन मोकळं. एवढा धिप्पाड, बडबड्या माणूस कुणी ओल्या हातानं पुसून टाकावा तसा नाहीसा. त्याची घंटी तेवढी वाजत होती; इंजिन चालू असतं तर तीही नसती.

ती खाली आली.

"कुटलीबी घेतली तरी तुला दिसायची न्हाय. मग मलाच थांबाया आलं पायजे."

तिनं एकेक सायकल ढकलत पळवली आणि ब्रेक दाबला. निळीचं बारीक टायर घसरलं. लाल किंचाळली, तरी चार हात पुढं गेली. काळी जिथल्या तिथं, मातीत खुंटी ठोकल्यासारखी.

"ही द्या. सीट जरा खाली घ्या, पाय पुरा टेकू दे."

"भ्या गेलं व्हय तुजं?" नंदीशनं विचारलं.

"न्हाय. वाढलं."

ती निघाली. शाळेनंतर आज पहिल्यांदा सायकलवर; हँडल लटपटत होतं. पाठीमागं इंजिन सुरू झालं. आवाज जवळ, अजून जवळ. तिनं सायकल कडेच्या मातीत उतरवली, थांबली. तोही थांबला.

तिनं हात केला, हो पुढं.

त्यानं मान हलवली, तू हो.

मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. शेवटी तो हलला. मोठं चाक गेलं. पहिली ट्रॉली गेली, वाऱ्यानं पदर ओढला. दुसरी तिच्या बाजूला हातभर झुकली आणि सावरली. ब्रेकवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

धुळीच्या पलीकडं नंदीश मान वळवून वळवून मागं बघत होता. त्याला काय दिसत असेल, ते तिला ठाऊक होतं.

"हाय रे!" त्या खडखडाटात ती ओरडली. "मी हाय, नंद्या! हाय!"