रसेलची टाच

माझ्या सख्ख्या भावाला बँडमधून काढलं तेव्हा हात वर करणाऱ्यांत मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी डंकनच्या नावानं खडे फोडेन तेव्हा मला कुणी सोवळी समजायला नको.

बँडचं नाव डायहाऊस. लोकर रंगवायचा कारखाना. आमचा बाप तिथंच होता, मनगटापर्यंत निळा. शवपेटीत ठेवला तेव्हाही नखं निळीच होती. एकोणीसशे त्र्याऐंशी साली हडर्सफील्डात चॅपलमागच्या संडे स्कूलच्या खोलीत आम्ही चौघांनी सुरुवात केली: डंकन थॉर्प गायला, ट्रेव्हर बेसवर, माझा थोरला भाऊ रसेल गिटारवर आणि मी, गेनर आर्मिटेज, ड्रमवर. नियम एकच. जे काय ठरवायचं ते व्हॅनमध्ये बसून, हात वर करून. चिप्स कुठल्या दुकानातून घ्यायच्या इथपासून लंडनच्या कंपनीला हो म्हणायचं की नाही इथपर्यंत. दोन-दोन झाले तर आहे तसंच चालू. डंकन मुलाखतीत छाती फुगवून सांगायचा, "आमच्यात साहेब कुणी नाही." साहेब नसला की पाप चौघांत वाटून घेता येतं, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

एकेचाळीस वर्षं झाली. नऊ रेकॉर्डी. एक गाणं एकदा एक आठवडा खपाच्या यादीत तेविसाव्या नंबरवर गेलं, आणि त्या एका आठवड्याच्या जिवावर डंकन अजून चामड्याची पँट घालतो. सत्त्याण्णव साली कंपनीनं हाकललं. मग विद्यापीठांचे हॉल, मग जत्रेतला बिअरचा तंबू, दुपारी दोनची वेळ, समोर चाळीस माणसं आणि एक कुत्रा. आमची गाणी ऐकून मोठी झालेली पोरं स्टार झाली आणि त्यांनी आम्हाला आपल्या आधी वाजवायला बोलावलं, वर म्हणाली, "तुमच्यामुळेच आम्ही." तरी आम्ही थांबलो नाही. थांबून करणार काय? आम्हाला दुसरं काही येतच नव्हतं.

लोकांच्या लक्षात राहिली ती एकच रेकॉर्ड, एकोणनव्वदची 'कॅनॉल रोड'. तिच्यातलं शेवटचं गाणं 'निळे हात'. बापावर. लिहिलं रसेलनं, आणि त्यानं गायलेलं ते एकुलतं एक.

रसेलची छाती लहानपणापासून अधू. ओळीच्या मध्येच त्याचा श्वास संपायचा. मग तो थांबायचा, श्वास ओढायचा आणि मागं राहिलेलं भरून काढायला पुढं पळायचा. थांबायच्या आधी त्याची डावी टाच उचलली जायची. हे जगात फक्त मला माहीत होतं, कारण माझ्या बसायच्या जागेवरून मला त्याची पाठ आणि बूटच दिसायचे. मी त्याच्या टाचेकडं बघून वाजवायची. टाच उचलली की मी थांबले, टेकली की निघाले. 'निळे हात' आम्ही त्याच संडे स्कूलच्या खोलीत, चौघांनी एकत्र, एका दमात रेकॉर्ड केलं. शेवटच्या कडव्याला गाणं सुरुवातीपेक्षा कितीतरी पुढं पळालेलं असतं. तिथंच माणसं रडतात. का रडतात ते त्यांना ठाऊक नसतं.

त्र्याण्णव साली कंपनीनं लंडनहून एक निर्माता पाठवला. त्यानं सगळ्यांच्या कानात ताल मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक घातली. तीन दिवस ऐकून म्हणाला, "ताल हलतोय. ड्रमर हलतेय की गिटारवाला, एवढं मला सांगा. एकाला जावं लागेल."

मी म्हणू शकले असते, ताल हलत नाही, माझ्या भावाला दम लागतो. सात शब्दांचं काम होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की त्याला दम लागतो तर तू का थांबतेस? आणि मग जायची पाळी माझी. व्हॅनमध्ये मत घेतलं. डंकननं हात वर केला, ट्रेव्हरनं केला, आणि मी केला. बाहेर बघत. रसेल म्हणाला, "बरं." गिटार घेतली आणि बस पकडून घरी गेला. पुढं पोस्टमन झाला. दोन हजार एक साली न्यूमोनियानं गेला. आईला मी सांगितलं होतं, तोच कंटाळून निघाला. रसेलनंही तेच सांगितलं. माझी लाज राखायला.

त्याच्या जागी आलेला एड्रियन एकतीस वर्षं आमच्यात आहे. ट्रेव्हर त्याला अजून नवा पोरगा म्हणतो.

यंदा 'कॅनॉल रोड'ला पस्तीस वर्षं झाली म्हणून बारा गावांचा दौरा निघाला. अख्खी रेकॉर्ड, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच क्रमानं वाजवायची. शेवटच्या गाण्याचं काय? रसेल गेल्यापासून ते आम्ही वाजवलंच नव्हतं. डंकन म्हणाला, "जुन्या टेपवरून त्याचा आवाज वेगळा काढता येतो आता. मागं पडद्यावर त्याची फिल्म, समोर आपण. तो गाईल, आपण वाजवू." चार हात वर झाले. मी तर रडले. खरंच रडले.

तालमीत आवाज आला आणि बरोबर टिकटिकीवर येऊन बसला. एकदाही हलला नाही. मी आमच्या साउंडवाल्याला, मार्टिनला, विचारलं.

"सरळ केला," तो म्हणाला. "नाहीतर दिवे आणि फिल्म जुळत नाहीत. मधले श्वास फार लांब होते, ते कापले. काय स्वच्छ वाटतंय बघ."

"कुणी सांगितलं?"

"डंकननं. तुम्ही मत घेतलं असेल की."

घेतलं नव्हतं. मी तोंड उघडलं नाही. अकरा गावांत अकरा वेळा मी त्या सरळ केलेल्या रसेलबरोबर वाजवलं, कानात टिकटिक घालून. लोक अकराही वेळा उभे राहिले.

बारावं गाव आमचंच. टाउन हॉल. आई सत्त्याऐंशीची आहे, आठला झोपते, म्हणून चार वाजताच्या साउंड चेकला मी तिला आणलं. तिसऱ्या रांगेत बसली, मांडीवर पर्स, पायाशी चहाचा थर्मास. डंकन स्टेजवरून वाकला.

"मिसेस आर्मिटेज! अजून तशाच दिसता."

"आणि तू थॉर्पांचा डंकन ना? ती पँट तुझ्या आईनं बघितली असती तर घरात घेतला नसता."

ट्रेव्हर फिसकन हसला. आम्ही 'निळे हात' सुरू केलं. पडद्यावर रसेल, पंचवीस वर्षांचा, भुवईवर केस. आवाज आला. आईनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. कडवं संपायच्या आत ती उभी राहिली.

"बंद करा ते. कोण गातंय हे?"

"रसेलच आहे, आई," मी म्हणाले.

"मला शिकवतेस? दहा वर्षं रात्र रात्र त्याच्या तोंडासमोर वाफेचं भांडं धरून बसलेय मी. त्याचा श्वास मला झोपेत ओळखू येतो. हा श्वासच घेत नाहीये. जन्मात कधी जेवायलासुद्धा वेळेवर आला नाही आमचा रसेल, आणि इथं कवायत करतोय?"

मार्टिन आपल्या टेबलावरच्या बटणांत काहीतरी शोधायला लागला.

मी कानातलं काढलं. "डंकन, आज जुना आवाज लावा. जसाच्या तसा. फिल्म नाही जुळली तर नाही जुळली. मी त्याच्या मागून जाईन, मला येतं."

"गेनर, बाराशे तिकिटं गेलीत."

"त्यांना कळणार नाही."

"तेच म्हणतोय मी. त्यांना कळत नाही, मग आता कशाला?"

"मत घेऊ," मी म्हणाले.

"इथं? व्हॅनमध्ये घेतो आपण."

"इथं. तिच्यासमोर."

मी हात वर केला. एड्रियननं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि हळूच आपला केला. एकतीस वर्षांत डंकनच्या विरुद्ध पहिल्यांदाच. दोन-दोन. बरोबरी. आहे तसंच चालू.

"झालं," डंकन म्हणाला. "नियम आपलाच आहे."

"तुझ्या नियमाला लाव आग," मी म्हणाले. "त्याला मारून झालं, आता इस्त्रीपण केलीस."

तेव्हा त्याचं तोंड लाल झालं. तो स्टेजच्या कडेला आला आणि आईला म्हणाला, अगदी मऊ आवाजात, "मिसेस आर्मिटेज, इतकी वर्षं मी बोललो नाही. रसेल आपणहून गेला नाही. आम्ही काढला. तीन हात वर होते. तिसरा कुणाचा ते हिलाच विचारा."

आईनं विचारलं नाही. माझ्याकडं बघत राहिली. थर्मासचं झाकण लावलं, फिरवून घट्ट केलं, पुन्हा थोडं फिरवलं.

"ते गाणं किती वाजता येतं?" तिनं मार्टिनला विचारलं.

"सव्वानऊ, बाई. थोडं पुढंमागं."

"मग सव्वानऊला मी इथं आहे."

आणि ती होती. त्याच तिसऱ्या रांगेत, कोटाची बटणं लावून, सगळे उभे असताना ही एकटी बसलेली. अकरा गाणी मी टिकटिकीवर नीट वाजवली. बारावं आलं. पडद्यावर रसेल आला तशी मी कानातलं काढून जमिनीवर टाकलं.

पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात, जिथं त्याची टाच उचलली जायची, तिथं मी थांबले. समोर बूट नव्हता, लाकडी फळ्या होत्या आणि एड्रियनची केबल. तरी मला कळलं, हात विसरत नाहीत. मी थांबले, पण तो थांबला नाही. सरळ केलेला रसेल माझ्या अंगावरून पुढं निघून गेला. मग मी निघाले, पळाले, तसंच, एकोणनव्वदसारखं. तो आपला एकाच चालीनं. ट्रेव्हरचा बेस कुठं जावं ते न कळून मध्येच अडकला. एड्रियननं हात काढून घेतला. शेवटचं कडवं मी एकटी वाजवत होते आणि माझा भाऊ मागं पडद्यावर दुसरंच काहीतरी गात होता, आमचा दोघांचा काही संबंध नसल्यासारखा.

मला वाटलं होतं लोकांना कळेल. निदान गावच्या लोकांना. त्यांना एवढंच कळलं की ड्रमवाली बाई चुकली. पुढची रांग माझ्याकडं कीव केल्यासारखी बघत होती. गाणं संपलं, संपलं म्हणजे काय, तुटलं. डंकन माइकवर हसला: "गेनर अठ्ठावन्नची झाली, मंडळी. जोरात टाळ्या!" आणि त्यांनी वाजवल्या. आजीला रस्ता ओलांडायला मदत करावी तशा.

मी आईकडं बघितलं. खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाला हॉलमागच्या पार्किंगमध्ये सामान चढवून झाल्यावर डंकननं मिनीबसचं दार ओढून घेतलं. "कुणालाच हे आवडत नाहीये," तो म्हणाला. "पण ताल हलतोय. लंडनचा शो ठरलाय. एक पोरगी आहे, टिकटिकीवर एकदम पक्की."

"मत घे," मी म्हणाले.

त्यानं हात वर केला. ट्रेव्हरनं केला. एड्रियन खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर काही नव्हतं, कचऱ्याचा डबा होता. मला ते बाहेर बघणं चांगलं ओळखीचं होतं. मग त्याचाही हात वर गेला.

मग मी माझाही केला.

"तू कशाला?" ट्रेव्हर म्हणाला.

"एकदा तरी एकमत होऊ दे."

ड्रमच्या काठ्या तिथंच सीटवर टाकल्या आणि बस पकडली. रसेलनं पकडली होती तीच, तीनशे एकवीस. आता नंबर बदललाय, पण जाते तिथूनच.

रविवारी एक वाजता मी आईकडं जेवायला जाते, कैक वर्षांचं आहे. वाटलं दार उघडणार नाही. उघडलं. टेबलावर दर रविवारसारखं सगळं: बीफ, बटाटे, पावासारखी फुगलेली यॉर्कशायर पुडिंग, मधे ग्रेव्हीचं चोचीचं भांडं. बसलो. तिनं स्वतःला वाढून घेतलं. मला वाढलं नाही.

"मला काढलं त्यांनी," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. अगदी रसेलसारखं.

तिनं बीफचा तुकडा कापला. मग वर न बघता:

"तू हात वर केलास तेव्हा. कुठला होता?"

"काय?"

"हात गं. कुठला?"

"उजवा."

तिनं बटाट्यांची थाळी आणि ग्रेव्हीचं भांडं माझ्याकडं सरकवलं. मी उजवा हात पुढं केला तशी तिनं काट्याचं टोक त्यावर टेकवलं. जोरात नाही.

"या घरात आता डाव्यानं वाढून घ्यायचं," ती म्हणाली.

मी डाव्या हातानं भांडं उचललं. ते जड होतं, काठोकाठ भरलेलं होतं. ग्रेव्ही बटाट्यांवर थोडी पडली, बाकीची पांढऱ्या टेबलक्लॉथवर. मी रुमाल शोधायला लागले.

"राहू दे," आई म्हणाली. "जेव."