पाहुण्यांचा हॉल

आमच्या घरातला हॉल पाहुण्यांचा आहे. घर आमचं, ऊस आमचा, त्या उसावर उभ्या राहिलेल्या भिंती आमच्या, पण हॉल पाहुण्यांचा. लग्न होऊन मी बारामतीहून पळसदेवला आले, त्याच आठवड्यात मला हे शिकवण्यात आलं. मी सोफ्यावर बसून मटार सोलत होते, तर सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "सोनम, तितं न्हाय बसायचं. पाव्हण्यांचं हाय ते." सोफ्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

हॉलला बाहेरून कडी. आत लोखंडी कपाटात आहेरात आलेल्या सोलापुरी चादरी आणि जाड ब्लँकेटं, रिबिनीसकट, डांबरगोळ्यांच्या वासात. त्या कपाटाची किल्ली सासूबाईंच्या, म्हणजे ठमाबाईंच्या कमरेला. आणि आम्ही सगळे राहतो मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. चूल तिथं, टीव्ही तिथं, खाटा तिथं. उजनीचं पाणी घरापासून हाकेच्या अंतरावर. डिसेंबर लागला की त्या पाण्यावरून असा वारा सुटतो की दातांवर दात वाजतात. पहाटे पत्र्याला आतून घाम फुटतो आणि त्याचे थेंब पांघरुणावर पडतात. मी एकदा म्हटलं, समोर एवढा पक्का हॉल रिकामा पडलाय, थंडीपुरतं तरी तिथं झोपू. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला काय हुतंय?"

हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आपल्याला काय होतंय! या घरात आपल्याला कधीच काही होत नाही. थंडी वाजते ती पाहुण्यांना, पाठ दुखते ती पाहुण्यांची.

मग आबांना झालं.

आबा म्हणजे माझे सासरे, दत्तोबा. शेतीला वीज रात्रीची, म्हणून उसाला पाणीही रात्रीचं. सत्तरीच्या पुढचा माणूस कडाक्याच्या थंडीत गार चिखलात उभा राहून, पाटाचं पाणी सरीसरीत वळवत दारं धरत होता. छाती भरली. बारामतीच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवावं लागलं. न्युमोनिया. सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "गारठा नको आणि धूर नको. पुन्हा छाती भरली तर या वयात अवघड आहे." माझा नवरा युवराज शेजारी उभा राहून मान हलवत होता. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. इथं म्हणणार नाही. घरी आल्यावर या शहाण्यानं आबांची खाट कुठं टाकली असेल? चुलीशेजारी. "तितं ऊब राहती," म्हणे.

मी वळले. सरळ जाऊन हॉलची कडी काढली.

दोन दिवस मी आणि माझी नणंद वैष्णवी त्या खोलीच्या मागे लागलो होतो. आधी सोफ्यावरचं प्लॅस्टिक फाडलं. तेवढ्यानंच मला बरं वाटलं. सोफा भिंतीला सरकवला आणि दक्षिणेच्या खिडकीखाली आबांची खाट लावली, म्हणजे दुपार कलेपर्यंत ऊन पायांवर. सरकत्या खिडक्यांच्या फटींतून वारा शिट्टी मारायचा. त्या फटींत फोमच्या पट्ट्या बसवल्या. बारामतीच्या बाजारातून मरून रंगाचं जाड पडद्याचं कापड आणलं, वैष्णवीनं शिवलं. गार फरशीवर आधी सतरंजी, तिच्यावर गालिचा. पांढरी ट्यूब डोळ्यांवर यायची, तिच्याजागी पिवळे दिवे लावले. उत्तरेची भिंत रात्री बर्फासारखी व्हायची, तिच्यावर सासूबाईंनी जुन्या साड्यांचे तुकडे जोडून शिवलेली सगळ्यांत मोठी वाकळ खिळ्यांवर टांगली. सासूबाई दारात उभ्या राहून "भिताडाला कशापायी पांघरूण?" म्हणून कुरकुरत होत्या. पण डॉक्टरांचं बोलणं त्यांच्याही कानावर गेलं होतं. एक ब्लँकेट त्यांनी स्वतः कपाटातून काढून दिलं. एकच.

पहिल्या दिवशी आबा खाटेच्या कडेला अंग चोरून पडून राहिले, जणू परक्याच्या घरी आलेत. हळूहळू सैल झाले. संध्याकाळी दिवे लागले की भिंतीवरच्या वाकळेचे तुकडे बोटानं दाखवायचे. "ही हिरवी तुज्या सासूची. ही जांभळी वैष्णवीच्या बारशाची." आठवड्याभरात खोकला उतरला, तोंडावर रंग आला. एक दिवस मला म्हणाले, "सूनबाई, मला वाटलं नव्हतं, हितं इतकं बरं वाटंल." स्वतः बांधलेल्या खोलीबद्दल बोलत होते ते. मला हसावं की रडावं कळेना.

आणि मग पाहुणे निघाले.

वडगाव निंबाळकरचे विजयसिंहराव, त्यांची बायको आणि मुलगा ऋषिराज. वैष्णवीला बघायला रविवारी येणार. शनिवारी मी आबांची औषधं आणायला इंदापूरला गेले होते. परत आले तर हॉलमध्ये खाट नाही. खिडकीखाली सोफा आलेला, त्यावर कपाटातल्या नव्याकोऱ्या सोलापुरी चादरी अंथरलेल्या. पडदे, गालिचा, पिवळे दिवे, भिंतीवरची वाकळ, सगळं जिथल्या तिथं. फक्त आबा नव्हते. ते मागं शेडमध्ये, चुलीशेजारी, मफलर गुंडाळून बसले होते.

"हे काय केलंत?" मी युवराजला विचारलं.

"एका दिसाचा तर प्रश्न हाय," तो म्हणाला. "पाव्हण्यांम्होरं खाटंवर आजारी माणूस दिसला तर काय वाटंल? छातीचं दुखणं म्हणलं की लोकं टीबीच धरत्यात. पोरीचं जमता जमता मोडंल."

"न्युमोनिया होता. टीबी नाही."

"त्ये तुला ठावं, मला ठावं. गावभर सांगत फिरू का?"

"मग पडदे कशाला ठेवलेत? गालिचा कशाला ठेवलाय?"

यावर तो चक्क हसला. "एवढं चांगलं सजवलंयस. पाव्हण्यास्नी आवडंल."

हातातली औषधांची पिशवी मी त्याच्या तोंडावर मारली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मी आबांकडं गेले, म्हटलं, चला आत. तर आबाच म्हणाले, "मीच म्हणलो त्याला. पोरीचं कल्याण हुतंय तर एका दिसानं काय हुतंय?" आता या माणसाशी काय भांडायचं? सासूबाईंकडं दोन सोलापुरी चादरी मागितल्या, तर त्या म्हणाल्या, "त्या सोफ्यावर घातल्यात की." मी माझं अंथरूण आबांच्या खाटेशेजारी टाकलं. रात्रभर पत्रा गळत होता. सकाळपर्यंत त्यांचा खोकला परत आला होता, आणि तो पहिल्यापेक्षा खोल होता.

रविवारी पाहुणे आले. हॉल, मधलं गॅसचं स्वयंपाकघर आणि मागची शेड, तिन्हींची दारं एका रेषेत आहेत. हॉलमधून सरळ पाहिलं तर मागपर्यंत दिसतं. म्हणून शेडचं दार युवराजनं लोटून घेतलं होतं. मी पोहे घेऊन हॉलमध्ये गेले. ऋषिराजची आई पडद्यावरून हात फिरवत म्हणाली, "किती छान सजवलंय हो! आत पाऊल टाकलं की ऊब लागते. आमच्याकडं वडगावात नुसता गारठा."

"सूनबाईनं केलंय समदं," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या. "तुमी येणार म्हणून."

मी पोह्यांच्या बशा ठेवल्या. जरा आपटूनच ठेवल्या.

विजयसिंहरावांनी इकडंतिकडं पाहिलं. "मुलीचे वडील दिसंनात कुठं?"

"पुण्याला गेल्यात, भाच्याकडं," युवराज म्हणाला. पापणी न हलवता. सासूबाईंनी मान डोलवली.

आणि तेवढ्यात मागून खोकला आला. दाबून धरलेला, तोंडात मफलर कोंबल्यासारखा, मग दाबता न आलेला. तो थांबेचना. ऋषिराजनं चमचा खाली ठेवला.

"कोण हो?" विजयसिंहरावांनी विचारलं.

"गडी हाय," युवराज म्हणाला. "मागं शेडात ऱ्हातो. थंडीनं धरलंय त्याला."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या मागं वैष्णवी, साडी नेसून, चहाचा ट्रे हातात घेऊन. मुलगी ट्रे घेऊन बाहेर येते, आधी पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्याला कप देते, मग बाकीच्यांना, हे काही आम्हाला कुणी शिकवायला लागत नाही. मी ओरडणारच होते. शब्द ओठांवर आले होते. पण वैष्णवी आधी वळली. हॉलकडं पाठ करून ती ट्रे घेऊन चालायला लागली, पायानं शेडचं दार ढकललं आणि पहिला कप तिनं आबांच्या हातात दिला. हॉलमधून सगळ्यांना सगळं दिसलं.

"अगं, हितं कुठं?" आबा घाबरून म्हणाले. "आदी पाव्हण्यास्नी दे."

"ह्या घरात पाव्हण्यालाच ऊब मिळती, आबा," वैष्णवी म्हणाली. रागानं तिचा आवाज फुटत होता. "मग आजपास्नं पाव्हणं तुमी व्हा."

विजयसिंहराव उठून स्वयंपाकघरातून शेडच्या दारापर्यंत आले. त्यांच्यामागं आम्ही सगळे. आबांनी घाईनं कप खाली ठेवला, तो कलंडून चहा सांडला. भिंतीला धरून कसेबसे उभे राहिले. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. नुसत्या लोटलेल्या दारातून ऐकू न यायला काय झालंय? त्यांनी दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाले, "राम राम, साहेब. मी गडी हाय हितला. पोरगी आपली लाडानं आबा म्हनती."

 मुलाचं खोटं उघडं पडू नये म्हणून तो माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीसमोर गडी झाला होता.

सगळे युवराजकडं बघत होते. एक शब्द पुरला असता. 'आबा' एवढा शब्द. चुकलो म्हणाला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. त्यानं जमिनीकडं पाहिलं आणि म्हणाला, "व्हय. माज्या ल्हानपणापास्नं हाय आमच्याकडं."

"मुडद्या!"

हे मी नव्हते. सासूबाई होत्या. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. विजयसिंहरावांना बाजूला सारून त्या पुढं आल्या आणि युवराजसमोर उभ्या राहिल्या. "गडी कुणाला म्हनतोस रं? मालक हायती ते माजं. ह्या घराचं बी मालक हायती." मग आबांकडं वळल्या, आणि त्यांच्यावर तर आणखीच भडकल्या. "आन् तुमी? तुमाला लाज न्हाय वाटली हात जोडाया? जलमभर राबलासा, घर बांधलंसा, आन् आता गडी म्हून ऱ्हाताय? सोडा ते हात. सोडा म्हनते ना!"

त्यांनीच आबांचे जोडलेले हात ओढून सोडवले. त्यांचा एक दंड सासूबाईंनी धरला, एक मी. वैष्णवीनं पुढं होऊन दारं उघडली. आबा वाटेत पाहुण्यांची माफी मागत होते. सासूबाई त्यांना गप्प करत होत्या. हॉलमध्ये आणून त्यांना सोफ्यावर बसवलं. सासूबाईंनी खालच्या सोलापुरी चादरी खसाखसा ओढून काढल्या आणि त्यांच्याभोवती गुंडाळल्या, एकीवर एक. मग त्याही त्यांच्याशेजारी सोफ्यावर बसल्या. हा हॉल बांधून झाल्यापासून त्या तिथं पहिल्यांदा बसल्या होत्या. रागानं लालबुंद झाल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

विजयसिंहरावांनी आबांना वाकून नमस्कार केला. ऋषिराजच्या आईनंही हात जोडले. "कळवतो," म्हणून ते निघून गेले. पोहे बशांत तसेच राहिले. काय कळवायचं ते कळवू देत. वैष्णवीनं पदर खोचला आणि आबांची खाट परत खिडकीखाली आणायला मला हाक मारली.

खाट आणायला मी शेडमध्ये गेले, तर युवराज चुलीशेजारी बसला होता. आबांचा सांडलेला चहा फडक्यानं पुसत होता. वारा पत्र्याखालून आत येत होता आणि त्याच्या अंगावर नुसता शर्ट होता. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी त्याला आत ये म्हणावं, याची वाट बघत होता. मी खाटेची एक बाजू उचलली, वैष्णवीनं दुसरी उचलली, आणि आम्ही बाहेर पडून मागं दार लावून घेतलं.