बाळाचं तोंड कुणीकडे

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. हसू नका. चारही चाकं अजून धड आहेत माझी.

मला एका वेल्डरनं बनवलं. लोखंडी सांगाडा, कापडी टप आणि एक बैठक. दोन खिट्ट्या काढल्या की ती बैठक फिरवता येते. एकीकडून बसवली की बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे, दुसरीकडून बसवली की रस्त्याकडे. एवढीशी गोष्ट. पण माझं सगळं आयुष्य याच एवढ्याशा गोष्टीवर गेलंय, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझ्यात पहिली बसली ती चिमणी. तिची आई लाँड्रीत इस्त्री करायची, म्हणून मला ढकलायचे तिचे आजोबा. दुकानांचे बोर्ड रंगवण्यात त्यांचा जन्म गेलेला. हात थरथरायला लागले होते, पण तोंडाचा पट्टा शाबूत. चिमणीला आपल्याकडे तोंड करून बसवायचे आणि सुरू. हा बोर्ड बघ, लाल रंग कसा उडालाय. तो बघ, अक्षरं कशी एकमेकांच्या अंगावर पडलीत. मधेच चिमणी "ग्गू" म्हणाली की गाडी थांबवायचे, तिचं पूर्ण होऊ द्यायचे, आणि मगच उत्तर द्यायचे. औषधवाला एकदा म्हणाला, "काका, पोरगी उत्तर देते का काही?"

"देते की. आणि तुझ्यासारखं मधेच तोडत नाही."

चिमणीचा पहिला शब्द कुठला, सांगू? 'बोड'. तिची आई दोन दिवस रुसून बसली होती.

मग चिमणी मोठी झाली आणि मी माळ्यावर गेले. डोक्यावर फुटकी सुटकेस. आजोबा गेले, ते मला खालच्या रडण्यावरून कळलं. उंदरांनी टप कुरतडला त्याचं एवढं नाही वाटलं. पण ते दोघांचं बोलणं, जे माझ्या वरून जायचं, त्याची फार आठवण यायची.

बऱ्याच वर्षांनी सुटकेस बाजूला झाली. चिमणीला मुलगा झाला होता. गुटगुटीत, म्हणून त्याला सगळे बोका म्हणायचे. चिमणी सकाळी शिवणकामाच्या कारखान्यात जायची, तेव्हा बोका त्याच्या बाबाकडे. बाबा पार्सलची व्हॅन चालवायचा, दुपारनंतर. माणूस वाईट नव्हता हो. त्यानं मला नवे टायर घातले, टप शिवून आणला, मला घासून पुसून लख्ख केलं. आणि खिट्ट्या काढून बैठक फिरवली. जग बघू दे की पोराला, म्हणाला.

मग कानात इअरफोन घातले आणि निघाला.

बोक्यानं जग बघितलं. कुत्रं दिसलं. "भ्भ!" म्हणाला आणि मान वळवून मागे बघितलं. मागे टप. परत "भ्भ!" परत मान. कुणीच नाही. डोकं फिरायचं माझं! अरे, तुझं पोर तुला हाक मारतंय, त्या फोनमधल्या माणसाला काय हो हो करतोस? पण मी पडले लोखंड. कुरकुरण्यापलीकडे काय करणार? कुरकुरले तर त्यानं चाकांना तेल घातलं.

रोज असंच चाललं. मग बोक्यानं मान वळवणं सोडलं. मग "भ्भ" सोडलं. कुत्रं दिसलं तरी नुसता बघायचा.

शेजारणीची मुलगी 'दे', 'नको', 'माझं' म्हणायला लागली आणि आपला बोका मूग गिळून बसलेला. चिमणीला रात्री झोप लागेना. त्याच्या मागे जाऊन ताट वाजवायची, वळतो का बघायची. शेवटी बोक्याला माझ्यात बसवून तिघं डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्या. कान चांगले निघाले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याच्याशी गप्पा कोण मारतं?"

बाबा म्हणाला, "त्याच्याशी काय गप्पा मारणार? त्याला कुठे कळतं?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, या वयात मेंदूची जोडणी अशीच होते. बाळ हाक देतं, कुणीतरी ओ देतं, की एक तार जुळते. त्याला तुमचं तोंड दिसू दे, आवाज ऐकू दे. वेळ गेलेली नाही. दोन महिन्यांनी परत आणा, फरक नसला तर आणखी तपासू.

घरी येताना चिमणी भर रस्त्यात थांबली आणि माझ्या खिट्ट्या उपसायला लागली. एक गंजलेली. ती तिनं चप्पल काढून ठोकली. बैठक फिरली. बाप आणि लेक समोरासमोर आले आणि दोघंही लाजले.

"काय बोलू याच्याशी?" बाबा म्हणाला.

"काहीही बोल. भांडलास तरी चालेल."

दुसऱ्या दिवसापासून इअरफोन खिशात. बाबा बोलायचा. व्हॅनचं, ट्रॅफिकचं, बंद लिफ्टचं. बोका नुसता बघायचा. बाबाला वेड्यासारखं वाटायचं, कामावरचे मित्र चिडवायचे. कितीतरी दिवस असेच गेले. मला भीती वाटायची, हा कंटाळला तर?

एका सकाळी तो तावातावानं सांगत होता. चार मजले चढलो रे, घामाघूम झालो, आणि ती बाई म्हणते काय, पार्सल शेजारच्यांचं!

बोका म्हणाला, "अँ?"

बाबा जागच्या जागी थांबला. हळूच म्हणाला, "हो ना. शेजारच्यांचं."

"अँ! भ्भ!"

मागून स्कूटरवाला हॉर्न बडवत होता. बाबानं वळूनही बघितलं नाही. "थांबा जरा," म्हणाला, "तो बोलतोय."

मित्रांनो, तुमच्या घरात लहान बाळ असेल तर महागडी खेळणी राहू द्या. त्याच्यासमोर या. काहीतरी सांगा, आणि मग गप्प बसा. त्याची पाळी असते तेव्हा.

आता बोका चालतो. मी दारामागे उभी असते. रोज सकाळी तो बाबाचं बोट धरून जिना उतरतो, आणि खालच्या वळणापर्यंत दोघांची बडबड मला ऐकू येते. त्यापुढचं नाही येत.