नाही न म्हणणारा दातोबा

मी दातोबा बोलतोय. हे नाव तुम्हा माणसांनी ठेवलेलं. जन्मलो तेव्हा मला नाव ठेवायला कुणी नव्हतं. आईबापाच्या जागी एक भट्टी होती, बस.

शेंदराखाली मी नुसतं लोखंड आहे. तीन दातेरी भोवरे एकमेकांकडे तोंडं करून बसवलेले. काम एकच. लांब नळीच्या टोकाला लागायचं, गरगर फिरायचं आणि जमीन चावत खाली जायचं. जातं जोंधळा दळतं, तसा मी खडक दळायचो.

माझा जन्म रशियातला. लई लांबचा मुलूख, आणि थंडी अशी की थुंकी भुईवर पडायच्या आत तिचा खडा व्हावा. तिथं जमिनीखाली पाणी कुणी शोधत नाही, तेल शोधतात. माझा पहिला मालक आर्काडी साहेब. त्याचं सगळं सांगतो, कारण तो अजून माझ्यापासून सुटला नाही.

आर्काडी साहेब आधी सरकारी माणूस. राजधानीत बसायचा. तेल, गॅस, वीज, सगळं त्याच्या खात्यात. कुठं खोदायचं आणि कुठं नाही, ते त्याच्या सहीनं ठरायचं. एकदा तो उत्तरेला एक तळं बघायला गेला. तिथं हरणांचे कळप राखणारी एक म्हातारी राहत होती. भाषा तुमची नव्हे, पण म्हातारीचा सूर सगळीकडे सारखाच असतो.

ती म्हणाली, "लेकरा, ह्या तळ्याला तळ न्हाई. खाली समदं पोकळ हाय. हितं भोक पाडू नगंस."

साहेबानं मान डोलावली. हुकूम काढला, इथं कुणी खोदायचं नाही. म्हातारीनं त्याला वाटेसाठी सुकं मांस बांधून दिलं, लेकाला द्यावं तसं.

पुढं साहेबानं नोकरी सोडली आणि स्वतःची तेलाची कंपनी काढली. आणि पहिलं भोक कुठं पाडायला घेतलं? त्याच तळ्याकाठी. दुसऱ्यांना बंद केलेली जागा त्यानं स्वतःसाठी राखून ठेवली होती. ताटातला गोड घास माणसं शेवटाला ठेवतात ना, तसं.

म्हातारी परत आली. "तूच न्हाई म्हणाला व्हतास."

"तवा मी सरकार व्हतो, आजी," साहेब हसला. "आता मी मी हाय."

मग तो माझ्याजवळ आला. मी बर्फावर पडलो होतो, नवा कोरा. त्यानं हातमोजा काढला, उघडा तळवा माझ्या अंगावर ठेवला आणि विचारलं, "आहे का खाली?" माझ्या तोंडाकडे न बघता उत्तरही त्यानंच दिलं, "आहे!"

हात उचलायला गेला तर उचलेना. तसल्या गारठ्यात उघडा हात लोखंडाला धरला की चिकटतो. म्हातारी ओरडली, "थांब, कोमट पानी आनते!" पण साहेबाला थांबायचं ठाऊक नव्हतं. त्यानं हात हिसडला. तळव्याची कातडी माझ्या अंगावर राहिली. पाची बोटांसकट.

मी खाली गेलो. किती खाली, ते सांगून उपयोग नाही, तुमचे आकडे तिथं चालत नाहीत. एकाएकी माझ्या दातांखालचा खडक संपला. चावायला काहीच उरलं नाही. आणि वरून तळं माझ्या मागोमाग आत येऊ लागलं.

मला ओढून काढलं तेव्हा माझ्या दातांत शेवाळ होतं. तळ्याच्या जागी नुसता चिखल, त्यात मासे उड्या मारत होते. म्हातारी काठावर उभी होती. 

साहेब मात्र चिखलातून चालत भोकापर्यंत गेला. वाकला, कान लावला. सगळ्यांच्या देखत. तेवढ्यात धुकं उतरलं. धुकं उठलं तेव्हा तिथं त्याचे बूट होते. जोडीनं ठेवलेले, देवळाबाहेर ठेवतात तसे.

कंपनी बुडाली, मी भंगारात गेलो. जहाजानं मुंबईला, तिथून एका बोअरवाल्याच्या गाडीत बसून जुन्नर तालुक्यात, पिंपरी पेंढारला. इथल्या काळ्या पाषाणात माझा एक दात तुटला. बोअरवाल्यानं मला शिवी दिली आणि बांधावर फेकलं.

मला वाटलं, सुटलो. गवतात पडून राहायचं, गंजायचं. पण साळुबाईची शेळी हरवली आणि नेमकी माझ्यापाशी रवंथ करताना सापडली. साळुबाईनं माझे तीन जबडे बघितले आणि हात जोडले. "बया! दात बघा देवाचं!" दुसऱ्या दिवशी शेंदूर आला, नारळ आला. मी दातोबा झालो.

मग कौल लावू लागले. माझ्या कपाळाला तगरीचं ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. फूल उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. इथं बोअर घेऊ का? उजवीकडे. अजून खाली जाऊ का? उजवीकडे. शेजारच्याच्या विहिरीला लागून घेऊ का? उजवीकडे.

लोक म्हणायचे, "दातोबासारखा देव न्हाई राव. कुणाला नाय म्हनत न्हाई."

तो कौल मी देत नव्हतो. कुणाला सांगू? फूल लावलं की शेंदराखाली साहेबाची ती कातडी हलायची. बोटं आखडायची, जशी कुणी मूठ वळतोय. आणि फूल उजवीकडे पडायचं. मेल्या माणसालाही एकच उत्तर येत होतं.

एकेक विहीर आटत गेली. लोकांनी पाइप वाढवले, आणि वाढवून पुन्हा मलाच विचारायला आले. माणसाची ही खोड मला कळत नाही. जो खड्ड्यात ढकलतो, त्यालाच बाहेरची वाट विचारतात.

अख्ख्या शिवारात एकच आड टिकला होता, लंकाबाईचा. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. भर उन्हाळ्यात आळीतल्या सगळ्या कळशा तिथं भरायच्या. लंकाबाई कुणाला अडवायची नाही, फक्त चपला बाहेर काढायला लावायची.

आणि कुंडलिक होता. वीज खात्यात साहेब होता तो. कुणाची मोटार किती चालते, कुणाची एप्रिलात कोरडी पडते, हे त्याला घरबसल्या ठाऊक. लंकाबाईच्या आडाच्या अंगाला बोअर घ्यायला एक जण आला होता, तर कुंडलिकानं त्याला विजेची जोडणीच दिली नाही. लंकाबाईनं त्याच्या घरी हुरडा पोचवला. मग कुंडलिक रिटायर झाला, त्यानं बोअरची गाडी घेतली, टँकरनं पाणी विकायचा धंदा काढला. आणि आडाला लागून असलेला जमिनीचा तुकडा विकत घेतला.

हे मी आधी कुठं बघितलं होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

लंकाबाई त्याच्या दारात गेली. "कुंडलिका, हितं बोअर मारलास तर माझा आड जाईल. आळी काय पील?"

"काकू, टँकर हाय की आपला. तुमाला फुकट."

"आन् बाकीच्यास्नी?"

"आता काय देवळात बसून प्रसाद वाटायचा का म्या?" तो हसला. "बरं, दातोबाला इचारू. त्यो नाय म्हनला तर गाडी माघारी."

त्याला माहीत होतं, दातोबा नाय म्हणत नाही.

वैशाखातली दुपार. सावल्या पायाखाली गेलेल्या, पाखरू हलत नव्हतं. आळी गोळा झाली. गाडी चालू ठेवूनच उभी केलेली. फूल लावलं. मी सगळा जोर लावला. पण लोखंडाचा जोर कसला, ते स्वतःहून कधी हललंय? फूल बराच वेळ थरथरत राहिलं.

"पाड देवा, डिझेल जळतंय," कुंडलिक म्हणाला.

साळुबाई फणकारली, "अरं, इचार करू दे की त्याला. तुझ्यावानी हाय व्हय त्यो?"

कातडीनं मूठ वळली. फूल उजवीकडे पडलं.

लंकाबाई पुढं आली. हातात खुरपं होतं. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ह्यो देव न्हाई."

"काकू, तोंड आवरा!"

"आय लेकराला नाय म्हनती. बैल मालकाला नाय म्हनतो. ज्याला एकदाबी नाय म्हनता येत न्हाई, त्यो देव कसला?" आणि तिनं शेंदूर खरवडायला सुरुवात केली.

थरावर थर निघाले. खाली पांढरा पंजा दिसला. पाच बोटं, रेघांसकट. बायका मागं सरल्या.

"कुनीतरी वल्या शेंदरावर हात ठिवला आसंल," कुंडलिक म्हणाला. "घाबरता काय? ह्यो बघा, माझाबी बसतो." आणि त्यानं आपला तळवा त्या पंजावर ठेवला.

बसला. बोटाला बोट, रेघेला रेघ.

बाकीचा मी तव्यासारखा तापलो होतो. पण तेवढी जागा गार होती. त्या मुलखातली थंडी. कुंडलिकाच्या तोंडातून वाफ निघाली, वैशाखात. त्याचे ओठ हलले. शब्द त्याच्या भाषेतले नव्हते, तिथं कुणालाच कळले नाहीत. मला कळले. 'आहे का खाली?'

"हात निघंना," तो मग आपल्या आवाजात म्हणाला. "काकू, हात निघंना!" आणि हिसडायला लागला.

"थांब! वढू नगंस!" लंकाबाईनं शेजारणीच्या कमरेवरची कळशी घेतली. आडाचं पाणी. धार धरली, हळूहळू, लहान पोराला न्हाऊ घालावं तशी. बोट सुटलं, मग दुसरं, मग सगळा हात. कातडी शाबूत.

कुंडलिक हाताकडे बघत राहिला. मग रिकाम्या कळशीकडे. कुणाकडे न बघता म्हणाला, "गाडी माघारी घ्या."

गाडी गेली. ती परत आली नाही.

लंकाबाईनं मला देवळात ठेवलं नाही की भंगारात दिलं नाही. आडाजवळ खड्डा घेतला आणि उलटा पुरला, तोंडं मातीत. वर फक्त नळीला लागायची माझी बोडकी दांडी दिसते. पोरं तिच्यावर पाय देऊन चपला काढतात.

इथं अंधार आहे, पण मला जमिनीखालची सवय आहे. तो हात अजून जागा आहे. निवांत झालं की बोटं आखडतात आणि प्रश्न येतो, "आहे का खाली?"

तुम्ही कधी आलात तर पाणी प्या. फूल लावू नका, हात ठेवू नका. माझं एक काम चाललंय, ते चालू द्या.

पाणी माझ्या दातांच्या अगदी खालून वाहतं. मला त्याचा आवाज येतो. तो हात विचारतो, आहे का? आणि मी म्हणतो, नाय.