सायलेन्सरचे दोन नट

स्नेहलला, म्हणजे आमच्या लेकीला, हरसूलच्या शाळेत नोकरी लागली आणि तिने माझी मोटारसायकल मागितली. रोज नाशिकहून जायचं, त्र्यंबकच्या पुढचा घाट, आणि गाडी माझी, अकरा वर्षांची, फटफटणारी. सरळ नाही म्हणायची धमक माझ्यात नव्हती, म्हणून मी अट घातली. सायलेन्सर जिथे इंजिनाला जोडलाय तिथले गंजलेले दोन नट काढून दाखव, मग गाडी तुझी.

वर शहाणपणा असा की आधी मीच दाखवतो म्हणालो. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बनियनवर मांडी घालून बसलो. खरं तर खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्यापलीकडे त्या पान्यांशी माझा संबंध नव्हता. जोर लावला तर पाना घसरला आणि बोटांची सालं निघाली. पुन्हा लावला तर एका नटाचे कोपरेच गोल झाले. हल्लीच्या लोखंडात दम नाही, असं मी जाहीर केलं.

स्नेहल शेजारी उकिडवी बसली. म्हणाली, दर दसऱ्याला लेगगार्डवर नारळ फोडून त्याचं पाणी तुम्हीच इथे ओतता, मग नट गंजतील नाही तर काय. अकरा दसरे मी हे केलं होतं, गाडीला काही होऊ नये म्हणून.

मग तिने इंजिन दोन मिनिटं चालवून तापवलं, बंद केलं, नटांच्या मुळाशी डिझेलचे थेंब सोडले आणि मला चहा प्यायला वर पाठवलं. अर्ध्या तासाने खाली आलो तर हातोडीने हलके ठोके चालले होते. नट आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा. हे कुठे शिकलीस, विचारलं. महिनाभर संध्याकाळी गोरक्ष मिस्त्रींच्या गॅरेजात बसत होती म्हणे, मी अट घालायच्या कितीतरी आधीपासून.

पहिला नट निघाला. मी "वा" म्हणालो, पण पडलेल्या आवाजात.

दुसरा मी गोल केलेला. त्यावर तिने एक नंबर लहान पाना ठोकून बसवला, तरी तो हलेना. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बाबा रे, निघू नकोस, असं मी त्या नटाला मनातल्या मनात विनवत होतो.

ती थांबली. वर न बघता म्हणाली, "पप्पा, हा निघावा असं वाटतंय का तुम्हाला?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाने लेकीपुढे काहीतरी भारदस्त बोलायला हवं होतं.

"मला भीती वाटते गं," मी म्हणालो.

"मला पण वाटते. गाडी हलतीये, जरा धरा."

मी उठलो, दोन्ही हातांनी गाडी घट्ट धरली, आणि नट कुरकुरत फिरला.