बाईंच्या वडाचा रोवणा

"कवडू, माझं झाड कुठाय?"

सुशीलाबाईंच्या हातात कुंडी होती. ताटलीएवढी पसरट, धुऊन लख्ख केलेली, रिकामी.

"धुऱ्यावर हाय जी," कवडू खुशीत म्हणाला. "रोवला."

बाई मटकन ओट्यावर बसल्या. नागझिऱ्याच्या वाघानं मला बिडी मागितली होती ही गोष्ट मीच पसरवलेली, त्यामुळे गावात माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पण बाईंचा चेहरा राखेसारखा झाला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

तो वीतभर वड त्यांच्या नवऱ्याचा. साहेब गोंदियाला रेल्वेत गार्ड. पंचवीस वर्षं दर रविवारी चिमुकल्या कात्रीनं पानं छाटायची, तांब्याच्या तारेनं फांद्या वळवायच्या. लेकरू नव्हतं, वड होता. साहेब गेले आणि वड पिवळा पडला. त्यातच बाईंना ऑपरेशनसाठी रायपूरला भावाकडे जावं लागलं. जाताना कवडूच्या हातात कुंडी देऊन म्हणाल्या, "कसंही कर, पण जगव. त्यांचं एवढंच उरलंय."

कवडूचा हातगुणच तसा. त्यानं गंमत म्हणून माझी काठी रोवली तर तिला आंबे लागले. तेव्हापासून मी बिनकाठीचा हिंडतो. पण त्याचा जन्म गेला धानाच्या रोवण्यात, वाफ्यातले पऱ्हे म्हणजे कोवळी रोपं उपटून बांधीत लावण्यात.

बाईंच्या दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. फोनवर विचारायच्या, "झाड कसं आहे?" कवडू सांगायचा, "मस्त वाढून राह्यला जी." बाईंना वाटायचं, पानं.

"अरे, काऊन रोवलास?" बाईंनी आता रिकामी कुंडी त्याच्यापुढे धरली.

"पऱ्हे पिवळे पडले म्हंजे रोवाचा टाइम निंगून गेला, बाई. अन् हा तं पंचवीस वरीस वाफ्यातच! साहेबायले सवड भेटली नसंल."

आम्ही त्याच्या शेताकडे, बांधीवर गेलो. धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, वड दोन पुरुष उंच झाला होता. मी चार सांगणार होतो, पण बाई सोबत होत्या.

त्या झाडाकडे बाईंनी आजवर वाकूनच पाहिलं होतं. आज मान वर करावी लागली. डोक्यावरचा पदर घसरला, तेही त्यांना कळलं नाही.

कवडूला आता कुठं काहीतरी उमगलं. "कापू का जी? कुऱ्हाड आनतो. व्हता तेवढाच करून देतो."

"नको रे."

"येक तार तेवढी निंगाली नाही, बाई. खोडानं गिळली."

बुंध्याशी, गुडघ्याच्याही खाली, सालीतून तांब्याचं हिरवट टोक डोकावत होतं. चांगल्या लुगड्यानिशी बाई चिखलात बसल्या. त्या टोकावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवूनच राहिल्या. मीसुद्धा काही बोललो नाही. हे तर कोणी खरंच मानणार नाही.

मग त्यांनी पर्समधून साहेबांची चिमुकली कात्री काढली. हाताला येईल त्या फांदीवर एकच पान पिवळं होतं. ते छाटलं, रिकाम्या कुंडीत ठेवलं, आणि म्हणाल्या, "आज रविवार ना?"