खिडकीची जागा कुसमाची

पितृपक्षात सतन्याहून गयेला जाताना आम्ही तीन जागा राखून ठेवल्या होत्या. एक माझी, एक धाकटा भाऊ हरदासची आणि खिडकीची कुसमाची. कुसमा माझी बायको, हरदासची भौजी. तिला जाऊन दोन वर्षं झाली. काठीला पिवळ्या कापडात नारळ आणि तांदूळ बांधून आम्ही तिला नेत होतो. घराण्यातले सगळेच पितर त्या काठीत, पितरांच्या दंडात, येतात, पण मी तिच्यासाठीच निघालो होतो.

कुसमा उभ्या आयुष्यात चारदा आगगाडीत बसली. चारही वेळा तिने खिडकी दुसऱ्या कुणाला तरी दिली. मी चिडायचो. ती म्हणायची, बाहेर काय, शेतंच तर आहेत. या वेळी ही जागा कुणाला म्हणून द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं.

तिकीट तपासनीस आला. तिसरं कोण, म्हणाला. मी दंडाकडे बोट दाखवलं. त्याने कागदावर खूण केली आणि म्हणाला, "त्यांना पाणी दिलंत का? ऊन फार आहे." मी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मिर्झापूरला डबा भरला. दिवस भरत आलेली एक पोर दाराशी उभी होती. हरदासने तिला आपली जागा दिली. पण मधल्या जागेवर वारा येईना, तिला उमासे येऊ लागले. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं, दंड दिसताच हात जोडले आणि मान फिरवली.

हरदास माझ्या कानाशी वाकला. "दद्दा, खिडकी द्यायचं मनात आणू नका. पितरांना बसल्या जागेवरून मध्येच उठवलं तर ते तिथेच उतरतात. भौजी मिर्झापुरातच राहतील."

मलाही तीच भीती होती. तिला गयेला पोचवायचं, एवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं. पोरीने पदर तोंडाला लावला.

"तुझी भौजी एव्हाना उठलीच असती," मी म्हणालो. दंड उचलून मांडीवर घेतला. "सरक पोरी, खिडकीशी बस."

वारा लागला तशी ती गजांना डोकं टेकून झोपली. मी नारळ दोन्ही हातांनी धरून बसलो. हात भरून आले तरी हरदासकडे दिला नाही. स्टेशन आलं की नाव हळूच कुसमाला सांगत होतो.

संध्याकाळी गया आलं. उतरण्याआधी पितरांना हाक मारायची असते. ती मागेच राहिली असेल तर?

"कुसमा, ऊठ. गया आलं."

"हो, उठले," खिडकीतली पोर झोपेतच म्हणाली. मग डोळे उघडून लाजली.

हरदासने गमछ्याने डोळे पुसले. "चला दद्दा. भौजी उठल्या."

मी दंड खांद्यावर घेतला आणि उतरलो. फल्गू नदीपर्यंत अजून बरंच चालायचं होतं.